नॉइझ संगीत, जपानी

सूर, ताल व स्वरमेळ बाजूला ठेवून विकृत केलेला विद्युत् आवाज, फीडबॅक (बाहेर पडलेला आवाज त्याच यंत्रणेत परत शिरून होणारा कर्कश नाद) आणि निखळ गोंगाट यांनाच मुख्य द्रव्य मानणारा जपानमधील संगीतप्रवाह. जपानीत त्याला ‘नोइझु’ म्हणतात; ‘जापनॉइझ’ हे नाव १९९० च्या दशकात मुख्यतः परदेशी श्रोत्यांत रूढ झाले. प्रवाहाचा आरंभ सामान्यतः सु. १९७९ हा मानतात, कारण टोकिओतील मासामी अकिता (१९५६ – ) यांचा ‘मेर्झबो’ हा उपक्रम आणि क्योतोतील ‘हिजोकाइदान’ (शब्दशः ‘आपत्कालीन जिना’) हा गट ही दोन्ही त्याच वर्षाची. पुढील दशकात ‘हानातराशी’, ‘इन्कपॅसिटन्ट्स’, ‘मासोना’, ‘सोलमानिया’, ‘सी.सी.सी.सी.’ इ. नावे त्यात येऊन मिळाली.

उगमाविषयी एकमत नाही. एक मत असे, की या प्रवाहाचे मूळ युरोपीय आधुनिक कलेत आहे. इटलीतील ‘भविष्यवाद’ या कलाचळवळीतील लुइजी रुसोलो यांनी १९१३ मध्ये यंत्रयुगाच्या आवाजांना संगीतात स्थान द्यावे असा जाहीरनामा काढला. जपानमध्ये १९६० च्या सुमारास ताकेहिसा कोसुगी (१९३८–२०१८), यासुनाओ तोने, मिएको शिओमी आदींच्या ‘ग्रुप ओंगाकु’ने उत्स्फूर्त वादनात घरगुती वस्तूंचे आवाज आणले व १९६१ मध्ये टोकिओच्या सोगेत्सु सभागृहात आपला कार्यक्रम केला. कोसुगींनीच १९६९ मध्ये ‘ताज महाल ट्रॅव्हलर्स’ हा गट स्थापला. हा गट नावाला जागून १९७१-७२ च्या दौऱ्यात युरोपातून मोटारीने खरोखरच ताजमहालापर्यंत आला होता. तथापि त्यांच्या दीर्घ, तरंगत्या स्वरांचे नॉइझच्या आक्रमकतेशी फारसे साम्य दिसत नाही.

दुसरे मत फ्री जॅझ (ठराविक चाल व ताल न पाळणारे उत्स्फूर्त जॅझ) आणि सायकेडेलिक रॉक (गुंगी आणणाऱ्या, विकृत आवाजांचे रॉक संगीत) यांच्याकडे बोट दाखवते. गिटारवादक मासायुकी ताकायानागी (१९३२–९१), सॅक्सोफोनवादक काओरू आबे (१९४९–७८) आणि १९६७ मध्ये क्योतोत सुरू झालेला, फीडबॅकच्या भिंती उभारणारा ‘ले रॅलीझ देन्युदे’ हा रॉक गट, यांचा उल्लेख या संदर्भात होतो. कालक्रम व भूगोल दोन्ही पाहता हे मत पहिल्यापेक्षा अधिक पटते. पण वाद्यावरील प्रभुत्व ही जॅझवाल्यांची पहिली अट होती, नॉइझवाल्यांनी ती सोडूनच दिली, हा फरक त्यातून उलगडत नाही.

तिसरे मत अमेरिकन संगीतमानवशास्त्रज्ञ डेव्हिड नोवाक यांचे असून ते उगम वादकांऐवजी श्रोत्यांत शोधते. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जपानमध्ये आयात तबकड्या महाग असल्याने ‘जॅझ किस्सा’ नावाच्या कॉफीगृहांत बसून, बहुधा न बोलता, त्या ऐकण्याची प्रथा पडली होती. १९७० च्या दशकाअखेर क्योतोतील ‘ड्रगस्टोअर’ या अशाच एका लहान जागी विक्षिप्त परदेशी तबकड्यांचे शौकीन जमत आणि कुठल्याच वर्गात न बसणाऱ्या अशा संगीताला सरसकट ‘नॉइझ’ म्हणत. हिजोकाइदानच्या वर्तुळातील तरुण याच गिऱ्हाइकांपैकी होते. या मांडणीप्रमाणे, ऐकण्याचे टोक गाठल्यावर त्यापुढचे संगीत विकत मिळेना, तेव्हा श्रोत्यांनी ते स्वतः केले. हिजोकाइदानचे संस्थापक जोजो हिरोशिगे यांनी १९८४ मध्ये ओसाकात ‘अल्केमी रेकॉर्ड्स’ ही ध्वनिमुद्रिका प्रकाशित करणारी संस्था काढली. पुढे तीतून कॅनडातील लंडन या गावच्या, १९६५ पासून घरी बनवलेली वाद्ये वाजवणाऱ्या ‘निहिलिस्ट स्पॅझम बँड’च्या तबकड्याही निघाल्या. जपानी नॉइझच्या प्रमुख प्रवर्तकाने पूर्वज म्हणून कॅनडातील हौशी मंडळी निवडावीत, हे ‘खास जपानी’ मानसिकतेतून या संगीताचा अर्थ लावणाऱ्यांना अडचणीचे आहे. झेन, कारखाने, लोकलगाड्यांतील गर्दी अशी स्पष्टीकरणे पाश्चात्त्य लेखनात पुष्कळ आढळतात. त्यांना पुरावा क्वचितच जोडलेला असतो.

श्रोत्यांपासून उगम मानणारे मत कान्साईपुरते (ओसाका-क्योतो परिसर) सर्वाधिक ग्राह्य वाटते. अकिता यांना मात्र ते पूर्णपणे लागू पडत नाही. चित्रकला, दादावाद व अतिवास्तववाद हा त्यांचा अभ्यासविषय. ‘मेर्झबो’ हे नावच जर्मन कलावंत कुर्ट श्विटर्स यांच्या हानोव्हर येथील ‘मेर्झबाउ’ या टाकाऊ वस्तूंतून घडवलेल्या रचनेवरून घेतले आहे. आरंभीच्या त्यांच्या कॅसेटी झेरॉक्स केलेल्या चिकटचित्रांच्या वेष्टनात टपालाने देशोदेशी जात.

तंत्र : नॉइझचे मूलभूत तंत्र फीडबॅक हे होय. सभेत ध्वनिग्राहक (मायक्रोफोन) कर्ण्यासमोर आला की जी शिट्टी वाजते, तीच क्रिया येथे मुद्दाम घडवून लांबवली जाते. मिक्सरमधून बाहेर पडणारा संकेत पुन्हा त्याच्याच आत सोडतात आणि वाटेत डिस्टॉर्शन, डिले, रिंग मॉड्युलेटर अशी आवाजाचे रूप बदलणारी गिटारवादकांची पेडले जोडतात. संकेत प्रत्येक फेरीत बदलत जातो. एक बटण किंचित फिरवले तरी सगळी साखळी हलते व परिणाम आधी नेमका सांगता येत नाही. त्यामुळे वादक आवाज ‘काढतो’ त्याहून अधिक तो आवरतो. पत्रे, स्प्रिंगा वा तारांवर संपर्क-ध्वनिग्राहक चिकटवूनही मूळ आवाज मिळवतात. आकिफुमी नाकाजिमा (१९५९–२०१३) यांनी ‘ओब’ या नावाने एका कृतीसाठी एकच ध्वनिस्रोत (पाणी, दिवे, धातू) घेण्याचे बंधन स्वतःवर घातले होते. अकिता १९९० च्या दशकाअखेरीस लॅपटॉपकडे वळले. त्याने आवाजातील खरखर गेली, अशी तक्रार जुने चाहते आजही करतात.

प्रयोग : यामात्सुका आय यांच्या हानातराशीने १९८५ मध्ये टोकिओतील एका सभागृहात खोदकामाचे यंत्र (आपल्याकडे ज्याला सरसकट जेसीबी म्हणतात) आत घालून रंगमंचाची नासधूस केली. इजा झाल्यास दावा लावणार नाही, असे प्रेक्षकांकडून लिहून घेतले होते. अशा कथांना प्रवाहाच्या इतिहासात वाजवीपेक्षा जास्त जागा मिळाली आहे. आय यांच्याच ‘बोरडम्स’ या पुढील गटाने १९९४ मध्ये अमेरिकेतील लोलापालूझा या फिरत्या महोत्सवात वादन केले.

श्रोते : ओसाकातील ‘बेअर्स’सारख्या लहान तळघरवजा ‘लाइव्ह हाउस’मध्ये श्रोते बहुधा थोडेच जमतात. ठराविक तिकिटे वादकाने स्वतः खपवायची, न खपल्यास पैसे भरायचे, ही तेथील ‘नोरुमा’ पद्धत असल्याने समोरच्या श्रोत्यांपैकी अनेक जण दुसऱ्या दिवशीचे वादक असतात. आवाज अंगावर येत असताना श्रोते बव्हंशी निश्चल उभे राहतात, हे परदेशी निरीक्षकांना चमत्कारिक वाटत आले आहे. मासोना (यामाझाकी मासो) यांचा प्रयोग कधी काही मिनिटांतच संपतो; इतरांचा साधारण अर्धा तास चालतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये संगीतस्थळांसाठी सरासरी १०० डेसिबेलची कमाल मर्यादा सुचवली. या मंडळींत कानात बोळे घालणे हा उपचार तत्पूर्वीच रुळलेला होता. हा वर्ग बंडखोर वा समाजबाह्य असतो असे मात्र नाही. इन्कपॅसिटन्ट्सचे तोशिजी मिकावा बँकेत, तर फुमिओ कोसाकाई सरकारी कचेरीत नोकरी करत आले. स्त्री कलावंतांत हिजोकाइदानच्या किंकाळी-गायिका जुन्को आणि सी.सी.सी.सी.च्या मायुको हिनो महत्त्वाच्या होत.

परदेशी श्रोत्यांचा संबंध मुख्यतः ध्वनिमुद्रणांशी आला. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील लोवेल येथील ‘आरआररेकॉर्ड्स’ हे दुकान त्याचे एक केंद्र होते. मेर्झबोचा ‘पल्स डीमन’ हा अल्बम १९९६ मध्ये अमेरिकेत निघाला. २००० मध्ये ‘एक्स्ट्रीम’ या ऑस्ट्रेलियन संस्थेने मेर्झबोच्या ५० सीडींचा संच प्रकाशित केला. तो सलग ऐकणारे कमी आणि संग्रही ठेवणारे अधिक, असा अंदाज करता येतो.

उत्तरकाल : टोकिओत २००० ते २००५ या काळात चाललेल्या ‘ऑफ साइट’ या छोट्या जागेत शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून अत्यंत हळू वाजवावे लागे. तेथील क्षीण, विरळ आवाजांच्या शैलीस ‘ओंक्यो’ हे नाव मिळाले. तोशिमारू नाकामुरा यांचे बाहेरचा कोणताही संकेत न देता मिक्सर वाजवणे याच शैलीतले. या वर्तुळातील ओतोमो योशिहिदे यांनी २०१३ मध्ये एनएचके या जपानी सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या ‘आमाचान’ या सकाळच्या मालिकेला संगीत दिले. त्याच वर्षी हिजोकाइदानने ‘बिस’ या तरुण गायिकांच्या लोकप्रिय गटाशी हातमिळवणी करून ‘बिस-काइदान’ या नावाने वादन केले.