‘पॅराशूट्स’ की ‘रश ऑफ ब्लड’? कोल्डप्लेच्या पहिल्या दोन अल्बममधला फरक

जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्ले या ब्रिटिश रॉक बँडची ‘यलो’ आणि ‘क्लॉक्स’ ही गाणी एकाच रात्री ऐकून आलेल्या बऱ्याच जणांच्या डोक्यात ‘जुनं कोल्डप्ले’ असा एकच कप्पा असतो. त्यातलं कुठलं गाणं कुठल्या अल्बममधलं, हे विचारलं की गोंधळ सुरू. ‘यलो’ २००० च्या ‘पॅराशूट्स’मधलं, ‘क्लॉक्स’ २००२ च्या ‘अ रश ऑफ ब्लड टू द हेड’मधलं.

गोंधळाला कारणंही आहेत. वाजवणारे तेच चौघे: क्रिस मार्टिन, जॉनी बकलंड, गाय बेरीमन, विल चॅम्पियन. निर्माता तोच, केन नेल्सन. लिव्हरपूलचा पार स्ट्रीट स्टुडिओही दोन्ही वेळा होता. वर दोन्ही अल्बमना ‘सर्वोत्कृष्ट अल्टरनेटिव्ह अल्बम’चं ग्रॅमी मिळालं, तेही लागोपाठ, २००२ आणि २००३ मध्ये.

मग लोक एक सोपा ठोकताळा सांगतात: पहिला गिटारचा, दुसरा पियानोचा. तो टिकत नाही. ‘ट्रबल’ सुरूच पियानोवर होतं आणि ते पहिल्या अल्बममधलं आहे. ‘गॉड पुट अ स्माइल अपॉन युअर फेस’ गिटारवर उभं आहे आणि ते दुसऱ्यातलं. पहिला अल्बम शांत, दुसरा दणदणीत, हेही अर्धंच खरं. ‘यलो’ची गिटार चांगली खरखरीत आहे, आणि ‘शिव्हर’ ऐकून कोणाला झोप येणार नाही.

फरक वाद्यांत नाही, कोण कोणाला ओढतं यात आहे. ‘पॅराशूट्स’मध्ये गाणं मार्टिनच्या आवाजाच्या चालीनं चालतं. आवाज थांबला की बाकीचे थांबतात, तो पुढे गेला की तेही सावकाश निघतात. ‘स्पार्क्स’मधला बेरीमनचा बेस ऐका, घाई कसली म्हणून नाही.

‘क्लॉक्स’मध्ये हे उलटं होतं. पियानो वरून खाली उतरणारे तीन सूर वाजवतो, पुन्हा तेच तीन, मग दोन, आणि परत पहिल्यापासून. आठ मात्रांची तीन-तीन-दोन अशी ही वाटणी मात्रेवर सरळ बसत नाही, सतत पुढे ढकलत राहते. म्हणजे इथे पियानो चक्क तालवाद्याचं काम करतो. वर मेजर कॉर्डनंतर (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे सूर; मेजर उजळ वाटते, मायनर उदास) येणाऱ्या मायनर कॉर्डमध्ये कोमल निषाद आहे, म्हणजे थोडा खाली उतरवलेला ‘नी’. स्वरांपुरतं बोलायचं तर हा आपला खमाज थाट, म्हणजे रागांसाठीच्या ठरावीक सात सुरांच्या संचांपैकी एक. राग शोधायला जाऊ नका, पण गाणं पूर्ण आनंदी का वाटत नाही याचं बरंचसं उत्तर त्या एका सुरात आहे. आणि मार्टिनचा आवाज? तो या चक्रावर लांब, सुटे सूर टाकत तरंगतो. गाणं त्याच्यावाचूनही धावत असतं. हे गाणं तिसऱ्या अल्बमसाठी बाजूला ठेवलं होतं. व्यवस्थापक फिल हार्वे यांनी आग्रह धरला म्हणून ते दुसऱ्यात आलं. २००४ मध्ये ‘रेकॉर्ड ऑफ द इयर’चं ग्रॅमी त्यालाच मिळालं.

आकाराचाही फरक आहे. ‘पॅराशूट्स’चं शीर्षकगीत मिनिटभरही टिकत नाही, दुसऱ्या अल्बमचं शीर्षकगीत सहा मिनिटांच्या घरात जातं. अमेरिकेतल्या ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर लिहिलेलं ‘पॉलिटिक’ दुसऱ्या अल्बमची सुरुवात करतं, ती चौघांनी मिळून घातलेल्या घणाच्या घावांनी. पहिला अल्बम उघडणारं ‘डोन्ट पॅनिक’ त्याच्यापुढे ठेवा; दोन मिनिटांच्या त्या गाण्यात कोणी आवाज चढवतही नाही.

सीमारेषा मात्र सरळ नाही. ‘इन माय प्लेस’ दुसऱ्या अल्बमचं पहिलं सिंगल (स्वतंत्रपणे प्रसिद्ध केलेलं गाणं) असलं, तरी जन्मलं ‘पॅराशूट्स’च्या दौऱ्यांच्या काळात, आणि त्याच्या संथपणात ते दिसतं. फक्त सुरुवातीचे ड्रम्स नव्या घरातले. ‘ग्रीन आइज’ तर गुपचूप उचलून पहिल्या अल्बममध्ये ठेवलं तरी कोणाला पत्ता लागणार नाही.

माझं मत विचाराल तर दुसरा अल्बम जास्त चांगला बांधलेला आहे, पण पहिल्या अल्बमच्या ‘स्पाइज’मधली अस्वस्थ धूसरता त्या बांधणीत हरवली. मोठ्या मैदानांवर पोचणारी गाणी हवीत तर ही किंमत द्यावीच लागली असणार.

दोन्ही वळणं एकाच गाण्यात ऐकायची असतील तर दुसऱ्या अल्बमच्या शेवटचं ‘अ‍ॅमस्टरडॅम’ लावा. चारेक मिनिटं जवळपास नुसता पियानो आणि आवाज, सगळं ‘पॅराशूट्स’च्या चालीनं. मग ड्रम्स येतात, आणि तिथून पुढे गाणं मार्टिनच्या हातात राहत नाही.