गुडघ्यातलं ‘वंगण’ आणि इंजेक्शन

‘वंगण संपलंय, एक इंजेक्शन घेतलं की झिजलेली गादी परत भरते’, हे सोलापुरात विडी वळायला तासन्‌तास मांडी घालून बसणाऱ्या बायकांच्या कानावर हमखास येतं. ते खरं नाही. झिजलेली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरची ही गादी, कुठल्याच इंजेक्शनाने पुन्हा उगवत नाही.

‘वंगणा’चं इंजेक्शन म्हणजे हायलुरॉनिक अ‍ॅसिड, सांध्यातल्या द्रवात मुळातच असणारा पदार्थ. 2 मिलीची सुई आठवड्याला एक, अशा 3 ते 5. किंवा 6 मिली एकदाच. महाग आहे आणि सरासरी फायदा अगदी थोडा. त्यासाठी कर्ज काढू नका.

दुसरं इंजेक्शन स्टिरॉइडचं, म्हणजे सूज उतरवणाऱ्या औषधाचं, बहुधा 40 मिलिग्रॅम. सुजलेला गुडघा काही आठवडे शांत होतो, एवढंच. दर 3 महिन्यांनी अशी 2 वर्षं सुई दिल्यावर कूर्चा उलट जास्त झिजल्याचं 2017 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसलं. मधुमेह असेल तर आधी सांगा, साखर काही दिवस चढते. टोचल्यानंतर गुडघा लाल, गरम होऊन ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. सांध्यात जंतुसंसर्ग झालेला असू शकतो.

खरा आधार मांडीच्या स्नायूंचा. खुर्चीत बसून पाय सरळ करा, 5 सेकंद धरा, हळू खाली आणा; प्रत्येक पायाने 10 वेळा, रोज. आणि विडीचं सूप मांडीवरून टेबलावर येऊ द्या.