मद्याभिमुख कलाचे पुनःप्रशिक्षण

मद्यासक्त व्यक्तीला मद्य किंवा मद्याची खूण दिसताच, विचार होण्याआधीच, तिकडे ओढले जाण्याची प्रवृत्ती म्हणजेच ‘कल’ उद्भवतो. संगणकावरील पुनरावृत्त सरावाने ही प्रवृत्ती क्षीण करण्याच्या मानसशास्त्रीय पद्धतीला ‘मद्याभिमुख कलाचे पुनःप्रशिक्षण’ म्हणतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वांतिकारक औषधाने किंवा विजेच्या धक्क्याने मद्याविषयी शिसारी निर्माण करण्याचे उपचार होत. प्रस्तुत पद्धतीत रुग्णाला कोणतीही यातना दिली जात नाही, म्हणून तिची गणना त्यांत करणे योग्य नव्हे.

व्यसनात इच्छाशक्तीच्या बरोबरीने आपोआप घडणाऱ्या क्रियांचाही वाटा असतो, हे मत स्टीफन टिफनी यांनी १९९० मध्ये मांडले. रॉबिन्सन आणि बेरिज यांच्या १९९३ च्या सिद्धांतानुसार वारंवार सेवनाने मेंदू मद्याच्या खुणांबाबत अधिकाधिक संवेदनशील होतो आणि मद्याची गोडी वाढली नाही तरी ओढ वाढत जाते. विचारपूर्वक निर्णय घेणारी व आवेगाने चालणारी अशा दोन यंत्रणांची मांडणी श्ट्राक आणि डॉइच यांनी २००४ मध्ये केली. पुनःप्रशिक्षणाची मूळ कल्पना या द्विप्रक्रिया-सिद्धांतावर आधारलेली आहे.

या पद्धतीचा उगम कोठे मानावा याविषयी एकवाक्यता नाही. काही अभ्यासक तो सोलार्झ यांच्या १९६० मधील प्रयोगात शोधतात. त्यात शब्द लिहिलेली कार्डे सरकत्या फळीवर ठेवून स्वतःकडे ओढायची वा दूर ढकलायची असत, आणि सुखद शब्द ओढण्याची क्रिया अधिक वेगाने होई. चेन आणि बार्घ यांनी १९९९ मध्ये तरफ वापरून अशाच स्वरूपाचा निष्कर्ष काढला. मात्र हात पुढे नेणे म्हणजे दूर लोटणे की वस्तू घेण्यासाठी पोहोचणे, ही संदिग्धता या प्रयोगांत कायम राहिली. पडद्यावर प्रयोगातील व्यक्तीचे स्वतःचे नाव दाखवून मार्कमन आणि ब्रेंड्ल यांनी २००५ मध्ये दाखवून दिले की स्नायूंच्या हालचालीपेक्षा वस्तू ‘स्व’च्या जवळ येते की दूर जाते हे निर्णायक ठरते. कोळ्यांच्या भीतीवरील २००७ च्या संशोधनात रिंक आणि बेकर यांनी जॉयस्टिक ओढताच चित्र मोठे आणि ढकलताच लहान होण्याची योजना केली, आणि संदिग्धता बरीचशी दूर झाली. मद्यावरील चाचणी थेट या मांडणीवर उभी असल्यामुळे तिचा उगम २००७ च्या सुमारास मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

अ‍ॅम्स्टरडॅम विद्यापीठाचे राइनाउट वीर्स आणि त्यांचे सहकारी यांनी २००९ मध्ये जॉयस्टिकची ही ओढण्या-ढकलण्याची चाचणी मद्याच्या चित्रांना लागू केली. चित्र उभे आहे की आडवे, एवढेच पाहून जॉयस्टिक हलवायची असल्याने चित्रातील वस्तूकडे मुद्दाम लक्ष द्यावे लागत नाही, तरीही अति मद्यपान करणारे मद्याची चित्रे ढकलण्यापेक्षा अधिक वेगाने ओढतात. प्रशिक्षणात हीच चाचणी असमान केली जाते: मद्याची चित्रे सर्व किंवा बहुतेक वेळा ढकलावी लागतात, मद्यविरहित पेयांची ओढावी लागतात. धोकादायक प्रमाणात पिणाऱ्या विद्यार्थ्यांवरील प्रयोग २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर जर्मनीतील लिंडो येथील व्यसनमुक्ती रुग्णालयात २१४ रुग्णांवर झालेल्या चाचणीत (२०११) नेहमीच्या उपचारांच्या आरंभी चार सत्रे दिली गेली. वर्षभरानंतर पुन्हा पिऊ लागलेल्यांचे प्रमाण प्रशिक्षित गटात ४६ टक्के, तर तुलनागटात, म्हणजे असे प्रशिक्षण न मिळालेल्यांत, ५९ टक्के होते. तेथेच ५०९ रुग्णांवर झालेल्या अभ्यासातही (२०१३) लाभ दिसला, पण तो सुमारे ८.५ टक्क्यांचाच होता. मेलबर्न परिसरात विषनिवारणासाठी (शरीरातील मद्याचा अंमल उतरवण्यासाठी) दाखल झालेल्या ३०० रुग्णांच्या चाचणीत (२०२१) दोन आठवड्यांनंतर मद्यमुक्त राहिलेले प्रशिक्षित गटात ५४.४ टक्के, तुलनागटात ४२.५ टक्के होते.

या प्रकारच्या प्रशिक्षणांवर क्रिस्टेआ आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये केलेल्या अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात वैद्यकीय उपयुक्ततेविषयी गंभीर शंका व्यक्त झाली. तिला प्रत्युत्तर देणाऱ्यांचे म्हणणे असे, की निरोगी स्वयंसेवकांवरील प्रयोगशालेय अभ्यास आणि मद्य सोडण्याचा निश्चय केलेल्या रुग्णांवरील चाचण्या एका मापाने मोजू नयेत. हे म्हणणे विचारार्ह आहे. कारण रुग्णालयांत लाभ दिसला असला, तरी इंटरनेटद्वारे घरी सराव करणाऱ्यांत तुलनागटाचेही मद्यपान घटते आणि प्रशिक्षणाचा स्वतंत्र परिणाम सहसा दिसत नाही. म्हणून ही पद्धती मुख्य उपचारांना पूरक म्हणूनच ग्राह्य धरावी.

परिणाम नेमका कशामुळे होतो हा प्रश्न अनिर्णित आहे. कल बदलल्यामुळेच रुग्ण सावरतो, असे २०११ च्या अभ्यासात सिद्ध झाले नाही; २०१३ च्या अभ्यासात मात्र तसे संकेत मिळाले, आणि मुळात कल तीव्र असलेल्या व वयाने मोठ्या रुग्णांना अधिक लाभ झाला. प्रशिक्षणानंतर मद्याच्या चित्रांना मेंदूतील अ‍ॅमिग्डला या भागाचा मिळणारा प्रतिसाद मंदावतो, असे २०१५ च्या एका लहान अभ्यासात आढळले. याउलट व्हान डेसेल प्रभृतींच्या मते सरावातून यांत्रिक साहचर्य (मद्य आणि ओढ यांचा आपोआप जुळलेला संबंध) बदलत नसून ‘मी मद्य नाकारतो’ असे अनुमान मन काढते. या मताचा स्वीकार करून वीर्स यांनी २०२० मध्ये सुचवलेल्या नव्या रूपात व्यक्ती स्वतःच्या मोहाचे प्रसंग, त्या वेळी करता येणाऱ्या पर्यायी कृती आणि त्यांचे परिणाम निवडून त्यांचा सराव करते.