जुनी शुभेच्छापत्रं आमच्याकडे आणण्याआधी

नाताळ आणि नवं वर्ष सरलं, घरं आवरायला काढली, की जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून आमच्या दुकानात पिशव्या यायला लागतात. कुणाच्या आईनं कपाटात जपलेली तीस वर्षांची नाताळची कार्डं, कुणाच्या आखातातल्या भावानं दर डिसेंबरला पाठवलेली, दिवाळीची पणत्या-कंदिलांची, संक्रांतीला हलव्याच्या पुडीबरोबर पाकिटातून आलेली इवलीशी. प्रश्न सगळ्यांचा एकच असतो : "टाकवत नाहीत हो, पण ठेवून तरी काय करू?" आता शुभेच्छा फोनवर येतात, नवी कार्डं फारशी येतच नाहीत, त्यामुळे आहेत त्यांची माया जास्त. काउंटरवर गर्दीत प्रत्येकाला निवांत सांगणं जमत नाही, म्हणून हा कागद छापला आहे. वसईत आमचं बाइंडिंगचं काम वडिलांपासून चालू आहे, आणि यातलं सगळं आम्ही हातानं केलेलं आहे.

आधी चिकटपट्टीबद्दल, कारण आमचा सगळ्यात जास्त वेळ तिच्यात जातो.

बरेच जण कार्डं सांभाळायची म्हणून ती जुन्या रजिस्टरमध्ये चारही बाजूंनी चिकटपट्टी मारून ठेवतात. हेतू चांगला असतो, पण कार्डाचं याहून मोठं नुकसान दुसऱ्या कशानं होत नाही. पट्टीचा गोंद कागदावर नुसता बसून राहत नाही, तो हळूहळू आत मुरतो. पट्टी आधी पिवळी पडते, मग तपकिरी होते, शेवटी वरचं प्लास्टिक वाळक्या सालीसारखं सुटून येतं आणि डाग मात्र कागदात कायमचा राहतो. मुरलेला डाग आम्हालाही काढता येत नाही. गोंद अजून मुरला नसेल तर केस वाळवायच्या यंत्राची मंद ऊब देऊन, पातळ पात्यानं, कागदाला जवळजवळ समांतर धरून पट्टी उचलावी लागते. एका कार्डाला दहा ते पंधरा मिनिटं लागतात. गुळगुळीत छपाईचं कार्ड असेल तर तेवढी काळजी घेऊनही चित्राचा वरचा पापुद्रा कधीकधी पट्टीबरोबर निघतो.

मागच्या वर्षी एका बाई वडिलांचं रजिस्टर घेऊन आल्या. बेचाळीस कार्डं होती. चारही कडांनी चिकटवल्यामुळे कार्ड उघडतच नव्हतं, आणि आतलं हस्ताक्षर त्यांनी इतक्या वर्षांत वाचलेलंच नव्हतं. दोन दिवस लागले. छत्तीस नीट निघाली. सहा कार्डांत मजकुराची शेवटची ओळ आणि सही पट्टीखाली आली होती, ती गेली. त्यांना हे सांगताना आम्हालाही फार वाईट वाटलं.

म्हणून चिकटपट्टीच्या कार्डांचा दर आम्ही वेगळा लावतो. काहींना तो जास्त वाटतो, पण त्यात मजुरीखेरीज काही नाही. एक विनंती मात्र आहे. पट्टी लावलेली असेल तर घरी ओढून काढू नका, आहे तशी आणा. आणि लॅमिनेशन तर करूच नका. ते प्लास्टिक गरम करून कागदाला कायमचं चिकटवलेलं असतं. नंतर त्या कार्डाची नीट घडी होत नाही, त्याला खळ धरत नाही, आणि रद्दीवालाही ते घेत नाही.

वहीत कार्डं लावायचीच असतील तर कागदाचे कोपरे करा. कार्डाबरोबर आलेल्या पाकिटाचाच कागद घ्या. दोन इंच लांब, एक इंच रुंद पट्टी कापा. वरच्या कडेच्या मध्यापासून दोन्ही टोकं खाली दुमडून तळाशी मध्यावर आणा, त्रिकोणी खिसा होतो. जोड असलेली बाजू वहीला चिकटवायची आणि कार्डाची चार टोकं चार खिशांत सरकवायची. कार्डाला गोंद लागत नाही, हवं तेव्हा काढून वाचता येतं. वहीला आम्ही मैद्याची ताजी खळ लावतो. दुकानातल्या खळीत कसर लागू नये म्हणून मोरचूद असतो. तो विषारी आहे, घरी मुलं असतील तर त्याच्या वाटेला जाऊ नका, साधी खळ पुरते.

आता वापराबद्दल. आम्हाला स्वतःला सगळ्यात आवडतं ते कार्डाची वही करणं. पाच बाय सात इंचांचं कार्ड मधोमध घडी घालूनच आलेलं असतं, म्हणजे पुठ्ठा तयारच आहे. ए-फोरचे आठ कागद मधोमध कापले की सोळा तुकडे होतात, ते एकात एक दुमडले की दोन्ही बाजू मोजून चौसष्ट पानं. घडीवर तीन छिद्रं पाडून जाड दोऱ्यानं शिवायचं आणि कार्डाच्या जास्तीच्या कडा कापायच्या. त्याआधी आत कुठवर लिहिलं आहे तेवढं बघा. बाहेर चित्र राहतं आणि पुठ्ठा उघडला की मावशीनं लिहिलेलं जसंच्या तसं समोर येतं. शिवण घरी जमत नसेल तर आमच्याकडे एका वहीला कागदासकट ४० रुपये पडतात. दहाच्या वर असतील तर ३५.

ज्या कार्डांत आत काही लिहिलेलं नाही, त्यांचा गोळा करा. नाताळच्या गोठ्यावर टांगायला सुंदर दिसतो, आणि दिवाळीत छोट्या कंदिलासारखा दारातही शोभतो. वीस सारखी वर्तुळं लागतात. कंपासनं वर्तुळ काढा, कंपास न हलवता त्याच मापानं कडेवर सहा खुणा करा, एकाआड एक खुणा जोडा. आत समभुज त्रिकोण मिळतो. त्याच्या तिन्ही रेघांवर पाकळ्या बाहेर दुमडायच्या. पाच वर्तुळांची टोपी, पाचांचं तळ, आणि उरलेल्या दहांचा मधला पट्टा, एक सुलट एक उलट. पाकळीला पाकळी चिकटवून गोंद वाळेपर्यंत कपड्यांचा चिमटा लावून ठेवा. दुमडण्याआधी रेघेवर फूटपट्टी धरून रिकामी रिफील जोरात ओढा, नाहीतर जाड कार्ड घडीवर तडकतं आणि शाई उडून पांढरी रेघ दिसते. कार्डाचा कागद एका दिशेनं सहज वळतो, दुसऱ्या दिशेनं अडतो. तडकण्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

कात्री लावण्याआधी प्रत्येक कार्ड उलटून बघा. मागे चित्रकाराचं नाव असतं, संस्थेचं असतं. तोंडानं किंवा पायानं कुंचला धरून चित्रं काढणाऱ्या कलाकारांची कार्डं एके काळी घरोघर टपालानं यायची, ती आजही आमच्याकडच्या गठ्ठ्यांत निघतात. युनिसेफची तर हमखास असतात. त्यांचं पहिलं कार्ड १९४९ सालचं, चेकोस्लोव्हाकियातल्या सात वर्षांच्या मुलीच्या चित्राचं. छापील नाताळ-कार्डाची चाल त्याच्याही शंभर वर्षं आधीची. १८४३ मध्ये लंडनला हेन्री कोल यांनी जॉन हॉर्स्ली या चित्रकाराकडून काढून घेतलं, एक शिलिंगला एक विकलं. त्यातली मोजकीच आज शिल्लक आहेत. तुमच्या गठ्ठ्यात तितकं जुनं काही नसेल, पण ज्याच्या मागे नाव आहे ते कापू नका, कोपऱ्यांत लावून ठेवा.

देवाच्या चित्रांचं काय करायचं, हेही रोज कुणीतरी विचारतं. गणपती असो, बाळ येशू असो किंवा मारिया माता, भेटवस्तूवर लावायच्या चिठ्ठ्यांसाठी आम्ही ती कापत नाही. चिठ्ठी शेवटी केरात जाते. आरतीच्या वहीचं किंवा प्रार्थनेच्या पुस्तकाचं वेष्टन, रोझरी ठेवायच्या डबीचं झाकण, अशाच कामाला घेतो. लग्नपत्रिकांनाही हाच नियम. पत्रिकेच्या कोपऱ्याला लावलेलं हळदीकुंकू ओल्या खळीनं पसरतं, तेवढा कोपरा आधी कापून वेगळा ठेवा.

चमकी लावलेली कार्डं इतर कार्डांना घासू देऊ नका, चमकी सगळीकडे चिकटते आणि आमच्या कटिंग मशीनखालीही येते. ती वेगळ्या पिशवीत आणा. उघडलं की गाणं वाजणाऱ्या कार्डात नाण्याएवढा चपटा सेल असतो. तो घरीच काढून लहान मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा. मुलानं गिळला तर जिवावर बेतू शकतं.

कार्डं आणताना रबर बांधू नका, रबर वितळून कडांना चिकटतं. साध्या सुती दोऱ्यानं, वरखाली पुठ्ठ्याचा तुकडा ठेवून बांधा. मोजून आणा, पावतीवर आकडा लिहून देतो. नाताळसाठी वह्या किंवा गोळे हवे असतील तर नोव्हेंबर संपायच्या आत द्या, कारण डिसेंबरात कॅलेंडर आणि डायऱ्यांच्या कामातून हात मोकळा होत नाही. जूनमध्ये शाळांच्या वह्या असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये आणलीत तर आठवड्यात मिळतील, आणि तुमच्यासमोर बसून कुठलं कार्ड कशाला घ्यायचं ते ठरवायला आम्हाला वेळही असेल. सोमवारी दुकान बंद असतं.