कोल्ड फ्रेम म्हणजे शेडनेट नव्हे

फेब्रुवारीतल्या एका दुपारी मी गॅलरीतल्या प्लास्टिकच्या घराची चेन उघडली आणि इडलीपात्राचं झाकण काढल्यावर येतो तसा वाफेचा भपकारा तोंडावर आला. आत लेट्यूसची बावीस रोपं होती. सकाळी ताठ उभी होती, आता कढईत दोन मिनिटं परतलेल्या पालेभाजीसारखी मातीवर पसरली होती. माती मात्र बोटाला ओली लागत होती, म्हणजे पाणी कमी पडलं नव्हतं. माझ्या रोपांना हवी होती सावली, आणि मी विकत आणली होती ऊब.

ते घर मी ऑनलाइन मागवलं होतं. ‘मिनी ग्रीनहाऊस’ असं नाव आणि खाली ऊन, थंडी, पाऊस सगळ्यांपासून संरक्षण असं वर्णन. असं सगळ्यांपासून वाचवणारं आच्छादन नसतं, हे तेव्हा ठाऊक असतं तर ती रोपं वाचली असती. अनेकजण आता गॅलरीत सॅलडची पानं लावतात, परदेशी बागकामाचे व्हिडिओ बघून ‘कोल्ड फ्रेम’, म्हणजे पारदर्शक झाकणाची पेटी, करायला घेतात, आणि कोपऱ्यावरच्या दुकानात शेडनेटची हिरवी जाळी मिळते तेव्हा ‘तेच की हे’ म्हणून घेऊन येतात. किंवा माझ्यासारखं उलटं करतात. दोन्ही वस्तू वाफ्यावर किंवा कुंड्यांवर घालायच्या, दोन्ही कोवळ्या पाल्यासाठी, बोलताना दोन्हींना आपण सरसकट ग्रीनहाऊस म्हणतो. शेतीखात्याच्या भाषेत ‘हरितगृह’ आणि ‘शेडनेटगृह’ हे शब्द वेगळे आहेत, आणि तो फरक गॅलरीतल्या चार कुंड्यांनाही तितकाच लागू आहे.

आधी कोल्ड फ्रेम, कारण तिचं नावच घोटाळ्यात टाकतं. थंडावा देणारी चौकट असा अर्थ लागतो, प्रत्यक्षात ती ऊब धरणारी पेटी आहे. ‘कोल्ड’ एवढ्यासाठीच, की तिला सूर्याशिवाय दुसरी उष्णता नसते. तिची जुळी बहीण म्हणजे ‘हॉटबेड’. त्यात मातीखाली घोड्याच्या ताज्या लिदीचा थर असतो, लीद कुजताना तापते आणि वरची रोपं उबेत वाढतात. एकोणिसाव्या शतकात पॅरिसचे भाजीवाले माळी याच लिदीच्या आणि काचेच्या जोरावर भर थंडीत शहराला सॅलड पुरवत.

माझी मावसबहीण इंग्लंडमध्ये लेस्टरला असते. तिच्या परसात अशी पेटी आहे: चार फूट लांब, दोन फूट रुंद, तळ नाही, थेट मातीवर ठेवलेली. मागची फळी दीड फूट, पुढची फूटभर, त्यामुळे वरचं पारदर्शक झाकण दक्षिणेकडे उतरतं. हा उतार मुद्दाम असतो, कारण तिथला हिवाळी सूर्य दक्षिणेला क्षितिजाजवळून फिरतो आणि सपाट झाकणावरून त्याचं ऊन निसटून जातं. ऊन आत शिरतं, काळी माती ते पिते, मातीमुळे आतली हवा तापते आणि झाकणामुळे ती हवा बाहेर जाऊ शकत नाही. सगळी करामत या अडकलेल्या हवेची. आर. डब्ल्यू. वूड या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने 1909 मध्ये हे तपासलं होतं. दोन पेट्या, एकीवर काच, दुसरीवर सैंधवाची पारदर्शक चकती. सैंधव उष्णतेचे किरण अडवत नाही, काच अडवते. तरी दोन्ही पेट्या जवळजवळ सारख्याच, 55 अंश सेल्सिअसच्या आसपास तापल्या. हा आकडा वाचला तेव्हा माझ्या गॅलरीत काय घडलं ते मला नीट कळलं.

ताईला या तापण्याची धास्ती जानेवारीतसुद्धा असते. बाहेर सहा अंश असले तरी लख्ख ऊन पडलं की ती कामावर जाण्याआधी झाकणाखाली विटेचा तुकडा सारून फट ठेवते, आणि संध्याकाळी चारच्या आत, ऊन असतानाच, ती बंद करते. कडाक्याची रात्र असेल तर वर जुनी गोधडी. एकदा फट ठेवायची राहिली. “अगं, बघ ना, आतून सगळं घामेजलंय,” म्हणत तिने फोन पेटीजवळ नेला. झाकणाच्या आतून थेंबांची रांग लागली होती, आणि खालच्या पालकाच्या एका पानावर राखाडी बुरशीची लव दिसत होती. कोंडलेला दमट वारा हा या पेटीचा मोठा दोष. थंडीत ताई पाणीही दहा-बारा दिवसांतून एकदाच देते.

पेटी ऊब देते, उजेड देत नाही. अमेरिकेच्या मेन राज्यात बर्फाच्या दिवसांत भाजी पिकवणारे एलियट कोलमन यांनी हे फार स्पष्ट मांडलं आहे: दिवस दहा तासांहून लहान झाला की झाडांची वाढ जवळपास थांबते. लेस्टरला डिसेंबरातला सर्वांत लहान दिवस आठ तासांहूनही कमी असतो. त्यामुळे तिथे हिवाळ्यातली पेटी ही पानं ताजी ठेवण्याची जागा असते, वाढवण्याची नव्हे. बी ऑगस्ट-सप्टेंबरात पडतं, नोव्हेंबरपर्यंत रोपं भरतात, मग ती जिवंत साठवणीतल्या भाजीसारखी गरजेपुरती कापायची. नवी वाढ फेब्रुवारीत. पुण्यात मात्र डिसेंबरातला सर्वांत लहान दिवसही सुमारे अकरा तासांचा असतो. आपल्याकडे हिवाळ्यात पाला थांबत नाही, उलट तोच त्याचा बहराचा काळ.

जाता जाता एक गोष्ट. ताईच्या पेटीतला पालक आणि आपल्या मंडईतली पालकाची जुडी ही बहुधा वेगवेगळी झाडं असतात. आपला नेहमीचा देशी पालक बीटाच्याच जातीचा, तिचा विलायती. म्हणून आपला पालक गॅलरीतलं ऊन सोसतो आणि त्या विलायती बियांच्या पाकिटाने पुण्यात निराशा होते.

आता जाळी. शेडनेट म्हणजे प्लास्टिकच्या धाग्यांची वीण, आणि तिच्यावरचा आकडा सांगतो किती ऊन अडेल: 35, 50, 75, 90 टक्के. ती हवा कोंडत नाही. शंका असेल तर उदबत्ती लावून आच्छादनाखाली धरा. जाळीतून धूर निघून जातो, पेटीत तो वर जाऊन घुटमळतो. धूर घुटमळला की तिथे उष्णताही घुटमळणार.

लेट्यूसला जाळी का लागते हे समजायला त्याच्याकडेच बघावं. हे थंड हवेचं झाड, पंधरा-वीस अंशांत खुश. माती तिशीला टेकली की त्याचं बी ओलं राहूनही झोपून जातं, आणि आपण बियाणं खराब म्हणून दुकानदाराशी वाद घालतो. बी ओल्या फडक्यात गुंडाळून दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवलं आणि मग मातीवर नुसतं दाबलं, तर उगवतं. वर माती लोटायची नाही, या बियाला उजेड लागतो. पुढे दिवस मोठे झाले आणि ऊन वाढलं की मधून दांडा उंच जायला लागतो. तो दांडा मोडून बघा: कापल्या जागी दुधासारखा चीक येतो, बोटाला चिकटतो, वाळला की तपकिरी होतो. लॅटिनमधलं ‘लॅक्टुका’ हे त्याचं शास्त्रीय नाव या दुधावरूनच आलं आहे. कडवटपणा त्या चिकात असतो, आणि दांडा चढला की पान कडू झालंच समजा. जाळी हे सगळं दोन-तीन आठवडे पुढे ढकलते. त्याहून जास्त आशा ठेवू नये, कारण ती पानावरचं ऊन कमी करते, हवा गार करत नाही. एप्रिलात पुण्याचा पारा अडतीसच्या पुढे गेला की कोणतीही जाळी लेट्यूस वाचवत नाही.

टक्क्यांच्या बाबतीत गच्ची आणि गॅलरी यांत फरक करायला हवा. गच्चीवर दिवसभर डोक्यावर ऊन, तिथे फेब्रुवारीपासून 50 टक्के. गॅलरीला वर छत असतंच, निम्मा उजेड आधीच गेलेला, तिथे 35 टक्के भरपूर झाले. 75 आणि 90 टक्क्यांची जाळी माणसांना आणि गाड्यांना ठीक. तिच्याखाली पानं फिकट आणि लांबुळकी होतात, देठ लवंडतात. पश्चिमेच्या गॅलरीत ऊन वरून येतच नाही, दुपारी तीननंतर आडवं येतं. तिथे जाळी छतासारखी ताणून उपयोग नाही, कठड्याच्या बाजूला पडद्यासारखी सोडावी लागते. आणि ती पानांना टेकू द्यायची नाही, हात-दीड हात अंतर हवं. नोव्हेंबर ते जानेवारी मी ती काढूनच ठेवते. त्या कोवळ्या उन्हात सॅलडला काहीही झाकायची गरज नसते.

कुंडी खोल नको. वीतभर माती सॅलडच्या मुळांना पुरते, पण काळी प्लास्टिकची कुंडी कडेने तापते म्हणून तिच्याभोवती गोणपाट गुंडाळावं. जाळीखाली वारा खेळता राहतो, त्यामुळे माती लवकर सुकते आणि पाणी रोज बघावं लागतं. शेडनेट मावा ही बारीक कीडही अडवत नाही. त्यासाठी बारीक विणीची कीटकजाळी वेगळी मिळते.

मग हा गोंधळ इतका पक्का का? मला वाटतं, एका कामात दोन्ही वस्तू खरोखर सारख्या आहेत: रोपांना सवय लावणं. ताई मार्चमध्ये घरातल्या खिडकीत वाढवलेली रोपं आधी पेटीत ठेवते, रोज झाकण थोडं जास्त उघडते आणि आठ-दहा दिवसांनी बाहेर लावते, म्हणजे थंडी त्यांना झोंबत नाही. आपल्याकडच्या रोपवाटिकेत रोपं जाळीखाली वाढतात आणि हळूहळू उन्हात आणली जातात, म्हणजे पानं करपत नाहीत. काम एकच, पण तिथे सवय थंडीची लावायची, इथे उन्हाची. लांबून पाहणाऱ्याला झाकलेला वाफा आणि कोवळी रोपं एवढंच दिसतं.

पेटीला भारतात जागाच नाही, असं मात्र नाही. लडाखमध्ये जमिनीत चर खणून त्यावर पारदर्शक प्लास्टिक टाकतात आणि हिवाळ्यात त्यात पालेभाजी घेतात. लेहच्या संरक्षण संशोधन संस्थेनेही अशा चर-हरितगृहांवर बरंच काम केलं आहे. ही सरळ कोल्ड फ्रेमच, फक्त फळ्यांच्या जागी जमीन. आपल्या राज्यात निफाडला पारा एक आकडी होतो, महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवाचं बर्फ होतं, पण त्या मोजक्या रात्री असतात आणि दुपारी पुन्हा ऊन तापतं. तेवढ्यासाठी पेटी बांधण्यापेक्षा संध्याकाळी कुंड्यांवर जुनं धोतर टाकावं आणि सकाळी काढावं.

आपली खरी अडचण पावसाची आहे, आणि तिथे दोन्ही अपुऱ्या पडतात. जाळीतून पाणी गळतं, कोवळी पानं चिखलाने माखतात, मुळं कुजतात. बंद पेटीत दमटपणाने रोपं कोलमडतात. इथे मला आठवतं ते कोकणातलं इरलं. भातलावणीला वाकलेल्या बाईच्या डोक्यापाठीवर ते असतं, पाऊस मागे ओघळून जातो, पुढून सगळं मोकळं, वारा लागतो, हात चालतात. पावसाळ्यात सॅलडला तेच हवं: वर पारदर्शक छप्पर, चारी बाजू उघड्या. म्हणजे कोल्ड फ्रेमचं झाकण घ्यायचं आणि पेटी टाकून द्यायची.

माझ्या त्या प्लास्टिकच्या घराचं मी हेच केलं. चारही बाजू कात्रीने कापल्या, छप्पर तेवढं ठेवलं आणि जूनमध्ये ते कठड्याकडे उतार देऊन बांधलं. खाली लेट्यूस लावत नाही, आंबट चुका आणि लाल माठ असतो. बोटभर उंचीचा माठ कोवळा असताना कच्चाच कोशिंबिरीत जातो. कोवळ्या मेथीचा घोळाणा करून कांदा, दाण्याचं कूट आणि कच्चं तेल घालून खाल्ला, की सॅलड ही बाहेरून आलेली गोष्ट वाटत नाही. ऑक्टोबर संपता संपता लेट्यूसचं बी फ्रिजमध्ये जातं.

ताईच्या पेटीचंही एकदा असंच झालं. 19 जुलै 2022 ला इंग्लंडमध्ये कधी नव्हे तो पारा चाळिशीपलीकडे गेला, लिंकनशरमधल्या कॉनिंग्जबीला 40.3 अंश नोंदले गेले. त्या सकाळी तिचा फोन आला. “इकडे तुझं पुणं झालंय गं. तुझी ती जाळी किती टक्क्यांची?” जाळी आणायला वेळ नव्हता. तिने पेटीचं झाकण उचलून भिंतीला टेकवून ठेवलं, खिडकीचा पांढरा पातळ पडदा काढला आणि चारी कोपऱ्यांना कपड्यांचे चिमटे लावून वाफ्यावर ताणला. संध्याकाळी पडद्याचा एक कोपरा उचलून तिने मला दाखवलं. कडेची दोन रोपं माना टाकून होती, मधली सगळी उभी होती.