ठरावीक माणसांवरच कुत्री का भुंकतात?

गल्लीतून दिवसभर शेकडो माणसं जातात, पण कुत्री अंगावर जातात ती कचरा वेचणाऱ्या बाईच्या, पार्सल घेऊन आलेल्या मुलाच्या, नाहीतर काठी टेकत चाललेल्या आजोबांच्या. ‘कुत्र्याला माणसाची नियत कळते’ असं लोक सहज बोलून जातात आणि त्याचा त्रास निष्पाप माणसाला होतो. कुत्रं भुंकून एवढंच सांगत असतं, की माझ्यापासून लांब राहा. हे कुणाला सांगायचं, ते ठरण्यामागे मोठी पूर्वपीठिका आहे.

लांडगा वयात आल्यावर फारसा भुंकत नाही. धोका दिसला तर एखादा आखूड, दबका आवाज काढतो. माणसाने मात्र पिढ्यान्‌पिढ्या कळप, खळं आणि घर राखण्यासाठी भुंकणारी कुत्रीच जवळ केली. धनगराच्या वाड्यावर रात्री परका माणूस आला आणि कुत्रं गप्प राहिलं, तर ते कुत्रं काय कामाचं? त्या भुंकण्याचा अर्थ माणसालाही कळतो. बुडापेस्टच्या संशोधकांनी २००५ मध्ये मुदी या हंगेरियन मेंढपाळी कुत्र्यांच्या भुंकण्याची ध्वनिमुद्रणं लोकांना ऐकवली. जाड आवाजातलं, मध्ये फारशी उसंत न घेता केलेलं भुंकणं श्रोत्यांनी आक्रमक ठरवलं. उंच पट्टीतलं, सुटं सुटं भुंकणं त्यांना घाबरलेलं किंवा खेळकर वाटलं.

‘हाच माणूस का?’ याचं बरंचसं उत्तर पिल्लाच्या तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात सापडतं. अमेरिकेतल्या मेन राज्यात, बार हार्बरच्या प्रयोगशाळेत, कॉकर स्पॅनियल आणि बीगल पिल्लं कुंपण घातलेल्या मोकळ्या मैदानात माणसाच्या सहवासाशिवाय वाढवली गेली. वेगवेगळ्या वयांत काही पिल्लांना एकेक आठवडा माणसांत आणलं. १९६१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पाच ते नऊ आठवड्यांच्या वयात माणसं भेटलेली पिल्लं त्यांना सरावली. चौदा आठवड्यांपर्यंत एकही माणूस न भेटलेली पिल्लं पुढेही रानटी, बुजरीच राहिली. या काळात जे दिसतं, ऐकू येतं, ज्याचा वास येतो, ते नेहमीचं ठरतं. बाकीचं संशयास्पद. आणि ही ओळख फार नेमकी असते. बायकांमध्ये वाढलेलं पिल्लू दाढीवाल्या, भारी आवाजाच्या पुरुषाला बिचकू शकतं.

आपल्याकडच्या भटक्या कुत्र्यांची बरीचशी पिल्लं हिवाळ्यात जन्मतात. डिसेंबरच्या पिल्लाचा हा काळ मार्चमध्ये संपतो. तोवर त्याने रेनकोट पाहिलेला नसतो, उघडलेली छत्रीही नाही. जूनच्या पहिल्या पावसात पायघोळ काळा रेनकोट घालून, डोक्यावर टोपी ओढून आलेला शेजारी त्याला माणूस वाटेलच असं नाही. हेल्मेट, पाठीवरची मोठी बॅग, कुबडी, लंगडत चालणं, नशेतला झोकांडणारा तोल यांचंही तेच. माणसाची बाह्याकृती बदलली की ओळख तुटते.

दुसरा धागा सवयीचा. पोस्टमन येतो, कुत्रं भुंकतं, पोस्टमन जातो. तो जाणारच होता, पण कुत्र्याच्या हिशेबी भुंकण्याने काम झालं. रोज हेच घडलं की भुंकणं पक्कं होत जातं. साखळीला बांधलेल्या किंवा फाटकाआडच्या कुत्र्याला पळताही येत नाही आणि जवळ जाऊन वासही घेता येत नाही. म्हणून तिथे ते जास्त चवताळतं.

शहराच्या इतिहासाने यात भर घातली. १८३२ मध्ये मुंबईत मोकाट कुत्री मारण्याची मुदत वाढवली गेली, मारेकऱ्यांना कुत्र्यामागे आठ आणे मिळत. त्याविरुद्ध ६ आणि ७ जूनला फोर्ट भागात पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि दंगल झाली. तरी मारण्याची पद्धत पुढे दीर्घकाळ चालूच राहिली. केंद्र सरकारच्या २००१ च्या नियमांनी भटकी कुत्री पकडून निर्बीजीकरण करायचं, रेबीजची लस द्यायची आणि कुत्र्याला होतं तिथेच परत सोडायचं, असं ठरवलं. हे योग्यच होतं. पण परतलेलं कुत्रं जाळी, गाडी, गणवेश यांची आठवणही घेऊन येतं. तशाच कपड्यातल्या दुसऱ्या कुणावर ते भुंकलं, तर नवल नाही. २०२३ च्या नियमांत खाऊ घालण्याची जागा जिने, प्रवेशद्वारं आणि मुलांच्या खेळण्याच्या जागांपासून दूर ठेवायला सांगितलं आहे, कारण कुत्री खाण्याची जागा राखतात. सोसायटीच्या फाटकातच भात टाकला, तर येणारा-जाणारा प्रत्येकजण वाटेकरी ठरतो.

भीतीचा वास येतो, हेही निव्वळ ऐकीव नाही. नेपल्सच्या संशोधकांनी भ्यालेल्या माणसांच्या घामाचा वास कुत्र्यांना दिला, तेव्हा त्यांच्यात ताणाची लक्षणं वाढली. पण त्यासोबतचं टक लावून पाहणं, एकदम पळणं हे कुत्र्याला जास्त खटकतं.

कुत्रं अंगावर आलं तर थांबा, अंग थोडं तिरकं करा, नजर बाजूला वळवा, बॅग कुत्र्याच्या आणि तुमच्या मध्ये धरा आणि हळूहळू मागे सरका. दुचाकीचा वेग वाढवला की पाठलाग वाढतो. दगड उचलायला वाकलात, तर एखादं पळेल, पण पुढच्या वेळी तुम्हाला लांबूनच भुंकेल. चावलं किंवा ओरखडलं तर साबण आणि वाहत्या पाण्याने जखम पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस सुरू करा.

घरच्या कुत्र्याची सवय मोडायची तर ज्या अंतरावर तो माणूस दिसतो पण भुंकणं सुरू होत नाही, तिथून सुरुवात करा. ते वीस मीटरही असू शकतं. आधी माणूस दिसू द्या, मग लगेच वाटाण्याएवढा उकडलेल्या चिकनचा तुकडा द्या. माणूस नजरेआड झाला की खाऊ बंद. पाच मिनिटं पुरे. सलग काही दिवस कुत्रं माणूस दिसताच तुमच्याकडे वळू लागलं, तरच एक-दोन मीटर पुढे जा. भुंकलं तर अंतर कमी पडलं, मागे या. बहुतेकांचं चुकतं ते क्रमात: खाऊ आधी आणि माणूस नंतर आला, तर खाऊ दिसताच कुत्रं सावध होतं. पट्टा आवळणं आणि ओरडणं यांनी तर त्या माणसाचं येणं त्रासाशीच जोडलं जातं.

आजवर शांत असलेलं कुत्रं अचानक ओळखीच्यांवर भुंकू लागलं, तर शिकवण्याआधी पशुवैद्याकडे न्या. कानाचं दुखणं, सांधेदुखी किंवा मंदावलेली नजर हे कारण असू शकतं. आवाजच घोगरा झाला असेल, लाळ गळत असेल किंवा गिळता येत नसेल, तर त्याच्या तोंडात हात घालू नका. अशा कुत्र्याला रेबीजचा संशयित समजून कोंडून वेगळं ठेवा आणि पशुवैद्याला बोलवा.