परदेशातील जुने स्वस्त घर : खरेदी व दुरुस्ती

लोकसंख्या ओसरलेल्या परदेशी गावांतील, बहुधा वर्षानुवर्षे कुलूपबंद असलेली घरे नाममात्र किमतीत घेऊन ती राहण्याजोगी करण्याचा हा व्यवहार इटली व जपान या देशांमुळे विशेष चर्चेत आला. तरुण पिढी शहरांत गेलेली असते, वारस विखुरलेले असतात आणि दुरुस्तीचा खर्च दुरुस्त घराच्या बाजारभावालाही मागे टाकू शकतो, म्हणून किंमत खाली येते. जाहिरातीतील आकड्याकडे खरेदीदाराने दुरुस्तीच्या जबाबदारीचा विसार म्हणूनच पाहावे.

एक युरोत घर देण्याची कल्पना इटलीच्या सिसिली बेटावरील सालेमी या गावाने 2008 मध्ये मांडली. जानेवारी 1968 मध्ये बेलिचे खोऱ्यात झालेल्या भूकंपाने त्याच्या जुन्या वस्तीची मोठी हानी केली होती. पुढे गांजी, मुस्सोमेली, सांबुका आणि सार्डिनियातील ओल्लोलाय या गावांनीही अशा योजना राबवल्या. सांबुकाने 2019 मध्ये घरांचा लिलाव पुकारला तेव्हा एक युरो ही केवळ पहिली बोली होती. अटी गावागणिक बदलतात. पण ठरलेल्या मुदतीत आराखडा सादर करणे, साधारण तीन वर्षांत काम पुरे करणे आणि त्यासाठी काही हजार युरो अनामत ठेवणे हे बहुतेक ठिकाणी असते, व मुदत चुकल्यास अनामत जप्त होऊ शकते. दुय्यम, म्हणजे कायम वास्तव्याचे नसलेल्या, घरावर खासगी विक्रीत सरकारी मूल्यांकनाच्या 9 टक्के नोंदणी कर लागतो, खरेदीखत करून देणाऱ्या नोटरीचे शुल्क वेगळे, आणि दुरुस्तीचा खर्च सहसा पाच आकडी युरोंत जातो.

जपानमध्ये 2023 च्या पाहणीनुसार सुमारे 90 लाख घरे, म्हणजे एकूण घरांच्या 13.8 टक्के, रिकामी होती. अशा घराला तेथे ‘आकिया’ म्हणतात आणि अनेक नगरपालिका विकाऊ घरांची यादी ठेवतात. घर पडीक असूनही पाडले जात नाही याला करपद्धतीही कारणीभूत आहे : जागेवर घर उभे असेपर्यंत सहसा 200 चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडाचे करपात्र मूल्य एक षष्ठांशावर येते. वारसनोंद वर्षानुवर्षे रखडत असल्याने एप्रिल 2024 पासून ती सक्तीची करण्यात आली. भूकंपरोधक बांधकामाचे नवे निकष जून 1981 मध्ये लागू झाले असल्यामुळे त्याआधीचे घर घेताना मजबुतीकरणाचा खर्च धरूनच हिशेब करावा लागतो.

सातारा-सांगलीच्या वाचकाला हे चित्र परके वाटू नये. जावळी-पाटणची माणसे माथाडी कामासाठी व गिरण्यांत मुंबईला गेली, खानापूर-आटपाडीचे गलाई (सोने-चांदी गाळणारे) व्यावसायिक देशभर पांगले, आणि मागे उरलेली कित्येक घरे केवळ यात्रेपुरती उघडतात. तरीही ती स्वस्तात बाजारात येत नाहीत, कारण मिळकतीवर चार-पाच भाऊबंदांची नावे असतात, हक्कसोडपत्रावर सगळ्यांच्या सह्या जमत नाहीत, आणि देवघर विकायला मन धजत नाही. इटलीतही वारसांचा गुंता असतोच. फरक इतकाच, की तेथे काही गावांच्या नगरपालिका स्वतः मध्यस्थी करून मालक व गिऱ्हाईक यांची गाठ घालून देतात.

दुरुस्तीच्या बाबतीत वाई-मेणवलीच्या वाड्यांचा अनुभव सिसिलीतही उपयोगी पडतो. दगड, माती व चुना यांच्या जाड भिंती ओल शोषतात आणि हळूहळू बाहेर टाकतात; त्यांवर सिमेंटचा गिलावा चढवला, की ओल आतच कोंडते, पोपडे सुटतात आणि तुळयांची टोके कुजतात. चुन्याचे काम जाणणारा गवंडी दोन्हीकडे दुर्मीळ व महाग झाला आहे. इटलीने अॅस्बेस्टॉसवर 1992 मध्ये बंदी घातली. त्यापूर्वीच्या छपरांत व टाक्यांत ते असू शकते आणि ते काढण्याचे काम परवानाधारकाकडूनच करून घ्यावे लागते. दूर राहून, परक्या भाषेत, रंगाच्या छटेपासून नळाच्या जोडापर्यंत देखरेख करणे हीच बहुतेकांची खरी कसोटी ठरते.

भारतात राहणाऱ्या व्यक्तीला रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम पाठवून परदेशी घर घेता येते. मात्र त्यासाठी भारतीय बँक कर्ज देऊ शकत नाही. 10 लाख रुपयांवरील रकमेवर बँक 20 टक्के कर आगाऊ गोळा करते, जो विवरणपत्रात वळता करून घेता येतो. इटलीत युरोपीय संघाबाहेरील अनिवासी व्यक्तीला परस्परतेचा निकष लागतो, म्हणजे इटालियन व्यक्तीला त्याच्या देशात घर घेता येत असेल तरच त्याला इटलीत घेता येते, आणि भारतीय कायदा भारतीय वंशाच्या नसलेल्या अनिवासी परदेशी व्यक्तीला येथे घर विकत घेऊ देत नाही; त्यामुळे अनामत भरण्याआधीच नोटरीकडून याचे उत्तर लेखी घेतलेले बरे. घर घेतल्याने वास्तव्याचा हक्क मिळत नाही : शेंगेन क्षेत्रात (इटलीसह अनेक युरोपीय देशांच्या सामायिक व्हिसाक्षेत्रात) अल्पमुदतीच्या व्हिसावर 180 दिवसांत 90 दिवसच राहता येते, आणि जपानमध्येही मालकीवर व्हिसा मिळत नाही. भारतातील निवासी करदात्याला असे घर आयकर विवरणपत्राच्या परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टात दाखवावे लागते. त्यात कसूर झाल्यास 2015 च्या काळ्या पैशाविषयीच्या कायद्याखाली 10 लाख रुपये दंड होऊ शकतो.